काठावरचा उन्हाळा

परीक्षा आल्या की आमच्या गावातली मोठी माणसं रिकामी होतात. एरवी हे गाव पोरांचं. पौडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी कॉलेज आलं आणि त्याच्यामागोमाग पोरं आली, मेस आल्या, झेरॉक्सची दुकानं आली, भाताच्या खाचरांत सिमेंटच्या खोल्या उभ्या राहिल्या. वर्षभर रस्त्यानं चालायचं ते त्यांच्या मोटारसायकली चुकवत. पण एप्रिल लागला की पोरं खोल्यांत कोंडून घेतात. चहाच्या टपरीवर बाकडं मोकळं मिळतं. उकाड्यानं खिडक्या सताड उघड्या असतात आणि संध्याकाळी गल्लीतून गेलं तर दोन्ही बाजूंनी पाठांतराची गुणगुण ऐकू येते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला शेतकऱ्यांनी पेटवलेल्या पाचोळ्याचा, म्हणजे राबाचा, धूर खालच्या अंगानं येत असतो. अशा वेळी कॉलेजातले आम्ही शिकवणारे, बँकेतले, टपालातले, सगळे हात मागे बांधून रस्त्यावर उभे असतो. मोकळा वेळ मिळालेला असतो आणि त्याचं करायचं काय, ते कुणालाच ठाऊक नसतं.

परवा पेपर सुटल्यावर फाटकापाशी मेश्रामनं हेच विचारलं. हा चंद्रपूरकडचा तरुण मुलगा यंदाच आमच्या विभागात लागला आहे. म्हणाला, "सर, पोरांचं ठीक आहे. पण मोठ्या माणसानं इथं करायचं तरी काय?" मी त्याला टेकडीवरच्या देवळाचा रस्ता सांगितला. पौडच्या बाजारात हिरवी मिरची घ्यायला जा म्हटलं. भूगावात नव्या बंगल्यांच्या रांगा झाल्यात, तिकडे फिरून ये, आपल्याला न परवडणाऱ्या घरांना नावं ठेवण्यात संध्याकाळ छान जाते, हेही सांगितलं. तो हसला. 'पोहायला जा' हे मात्र जिभेवर आलं होतं ते मी गिळलं. इतकी वर्षं झाली, तरी तो शब्द मला उच्चारवत नाही.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घाटात एसटीनं वळण घेतलं की मी पुढच्या सीटचा दांडा धरतो. न्हाणीघरात पाय टाकण्याआधी कोपऱ्यात साप आहे का ते बघतो. दारावरची बेल अवेळी वाजली की घरातली कोणती म्हातारी माणसं आजारी आहेत ते आधी आठवतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे त्यांचं अख्खं कुटुंब असावं. पण या सगळ्यांत थोरली भीती पाण्याची. आम्ही दोघं नवराबायको बीडकडचे. आमच्या गावाला पाणी म्हणजे टँकरचं, रांगेतलं, हंड्यातलं. विहिरीत पोहरा सोडला की आधी दगडावर आपटल्याचा आवाज यायचा आणि मग चिखलाचा. हंड्याहून खोल पाणी मी पाहिलं ते थेट नोकरीसाठी मुळशीत आल्यावर, आणि पाहताक्षणीच माझं त्याच्याशी जमणार नाही हे मला कळलं.

त्यात आम्ही आलो त्याच पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी धरणाच्या पाण्यात बुडाला. मित्रांबरोबर सहलीला गेला होता. आम्ही काही शिक्षक तिथं गेलो, तेव्हा माणसं पाण्यात शोधत होती आणि काठावर त्याचे बूट होते. मोजे नीट घडी करून आत खोचलेले. आईनं लावलेली सवय असणार. त्याचे मित्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "सर, त्याला पोहता येत होतं." मी ते वाक्य घरी घेऊन आलो. पट्टीचा पोहणाराच बुडतो, असं आमच्याकडे म्हणत. मला त्या दिवसापासून ते गणितातल्या सिद्धांतासारखं वाटू लागलं. पोहता न येणारा पाण्याच्या वाटेलाच जात नाही, मग तो बुडेल कसा?

मी सांगतोय तो उन्हाळा त्याच्या पुढच्या वर्षीचा. दोन हजार एक-दोनचा सुमार असेल.

माझी बायको सुलभा बीडला शाळेत शिकवायची. माझ्या नोकरीसाठी ती सोडून आली. इथं तिला काम मिळालं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघंच. सुरुवातीला तिनं घर लावलं, मग पुन्हा दुसऱ्या तऱ्हेनं लावलं. मग लावण्यासारखं काही राहिलं नाही. मी कॉलेजातून यायचो तेव्हा ती गॅलरीत उभी असायची आणि खाली पोरांची ये-जा बघत असायची. वर्गात पन्नास पोरांवर आवाज टाकणारी बाई हळूहळू इतकं हळू बोलायला लागली, की मला स्वयंपाकघरात जाऊन "काय म्हणालीस?" असं विचारावं लागे. एकदा रविवारी दुपारी ती म्हणाली, "अहो, मी आज सकाळपासून एक शब्द बोलले नाही. तुमच्या लक्षात आलं का?" माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला तिची भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. तिची म्हणजे तिच्यासाठी. माणूस डोळ्यांदेखत मिटत जातं आणि आपण शेजारी बसून पेपर वाचत असतो.

तिला त्यातून ओढून काढलं हौसाबाईंनी. हौसाबाई आमच्या घरमालकीण. खालच्या खोल्यांत पोरं, वर आम्ही, आणि मागच्या अंगाला त्या स्वतः. धिप्पाड बाई, नऊवारी, बोलणं फटकळ. परीक्षेच्या दिवसांत खालची पोरं अभ्यास करतात म्हणून त्या स्वतःचा टीव्ही बंद ठेवत आणि संध्याकाळी आपल्या विहिरीवर पोहायला जात. साठी ओलांडलेली बाई लुगड्याचा काचा मारून विहिरीत उडी टाकते, हे ऐकूनच माझं धाबं दणाणलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली.

"ओ बाई, दिसभर गॅलरीत उभ्या ऱ्हाता, पाय दुखत न्हाईत का? चला हिरीवर. लई गार पानी हाय."

"मला पोहता नाही येत हो," सुलभा म्हणाली.

"मला तरी आईच्या पोटातनं आलं हुतं व्हय? चला."

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ती 'नको' अशी होती. तिनं ती 'हो' अशी घेतली की मुद्दाम तशी घेतली, हे मी अजून विचारलेलं नाही. ती निघाली म्हणून मीही चपला घातल्या.

ती विहीर मला अजून स्वप्नात दिसते. काळ्या दगडाची चौकोनी, एका बाजूनं पायऱ्या, भिंतीच्या फटींतून उगवलेली पिंपळाची रोपं, आणि खाली हिरवंगार, गप्प पाणी. पारवे एकदम फडफडून वर यायचे आणि छातीत धस्स व्हायचं. डिझेल इंजिनाचा, शेवाळाचा, ओल्या दगडाचा मिळून एक वास होता. बोललं की आवाज खाली जाऊन जरा उशिरा वर यायचा आणि तो आपला वाटायचा नाही. एका कडेला दिवड पोहत होता. "त्यो काय करीत न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. साप काही करत नाही, हे वाक्य ज्यांना पटतं अशा माणसांचा मला मनापासून हेवा वाटतो.

आमचे खेळाचे शिक्षक देशमाने तिथं आधीच पोहत होते. कोल्हापूरचा गडी, मिशा पाण्यात भिजून खाली आलेल्या, आवाज विहीरभर. "या सर! टाका उडी!" मी म्हटलं, मी कपडे राखतो. विहिरीवर एक तरी माणूस कपडे राखायला लागतो आणि ते पद मी पहिल्याच दिवशी पटकावलं.

हौसाबाईंनी पांगाऱ्याच्या वाळक्या लाकडाचा बिंडा आणला होता. लाकूड कसलं, भेंडासारखं हलकं. पाठीला बांधलं की माणूस तरंगतो. इकडे सगळे त्यावरच पोहायला शिकतात. त्यांनी तो सुलभाच्या पाठीला दाव्यानं आवळून बांधला. मग तिच्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "ते डोरलं काढून ठिवा. गुततंय कशात तरी." सुलभानं मंगळसूत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी विज्ञानाचा पदवीधर. शकुन-अपशकुन मानत नाही, असं वर्गात सांगतो. पण बायकोचं मंगळसूत्र आपल्या मुठीत आणि बायको विहिरीच्या पायरीवर, अशी वेळ ज्याच्यावर आली नाही त्यानं विज्ञानाबद्दल फार बोलू नये. मी काही म्हणणार एवढ्यात हौसाबाईंनी तिला मागून ढकललं.

पाणी फुटल्याचा आवाज, मग काहीच नाही. माझे डोळे मिटलेले होते. विहिरीत बायको पडली असताना नवऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत, हे शोभत नाही, पण ते आपोआप मिटले. मग खोकल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून हसण्याचा. आधी मला वाटलं हौसाबाई हसताहेत. डोळे उघडले तर सुलभा. केस तोंडावर चिकटलेले, नाकातोंडात पाणी गेलेलं, पाठीवर ते लाकूड घेऊन ती कासवासारखी तरंगत होती आणि हसत होती. ते हसू भिंतींवर आपटून वर आलं, तेव्हा पारवे पुन्हा उडाले. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. एवढ्या मोठ्यानं ती हसते हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज. संध्याकाळचं ऊन उतरलं की हौसाबाईंची हाक यायची. सुलभा सलवार-कमीज घालून जिना उतरायची ती उड्या मारतच. मी मागून पिशवी घेऊन. पायरीवर बसायचं, देशमान्यांचं घड्याळ, हौसाबाईंच्या चपला, सगळं सांभाळायचं, आणि मुठीत मंगळसूत्र आवळून पाण्याकडे बघायचं. घरी येऊन मूठ उघडली की तळव्यावर काळ्या मण्यांच्या खळ्या उमटलेल्या असत. ती बुडी मारायची तेव्हा मीही श्वास धरायचो. ती वर आली की सोडायचो. एकदा ती बराच वेळ खाली राहिली आणि मीच बसल्या जागी डोळ्यांपुढे अंधारी येऊन कलंडलो. देशमान्यांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. पाण्यात न जाता बुडणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असं ते पुढे स्टाफरूममध्ये सांगत फिरले.

पण काय सांगू, घर बदललं. ती विहिरीवरून यायची ती भुकेली. भाकरीबरोबर कच्चा कांदा फोडून खायची. तिच्या केसांना विहिरीचा वास येई. गाढ झोपायची. सकाळी खालच्या पोरांना जिन्यात अडवून "काय रे, कोणता पेपर आज?" असं विचारायची, आणि ते तिचं जुनं, शाळेतलं ओरडणं होतं. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आता बाहेरच्या खोलीत नीट ऐकू यायचा. मला हे सगळं हवंच होतं. फक्त ते दुसऱ्या कशानं तरी मिळालं असतं तर! शिवणकाम होतं, भिशी होती, गीतेचा अध्याय होता. जगात इतक्या कोरड्या गोष्टी असताना हिनं नेमकी ओली निवडली.

आता ती विहीर राहिली नाही. वर लोखंडी जाळी टाकली आहे आणि शेजारी इमारतीचं पार्किंग झालं आहे. तिथून जाताना मी आजही जरा लांबून जातो. जाळीखालचं पाणी दिसत नाही, पण ते तिथं आहे हे मला माहीत असतं.

वैशाख चढला तशी विहीर खाली गेली. पाणी गढूळ झालं, पायाला गाळ लागायला लागला. मला वाटलं, सुटलो. बिंडा तर केव्हाच सुटला होता. सुलभा आता मोकळी पोहायची, अंगानं वळायची, पाण्यावर उताणी पडून आभाळ बघायची. देशमाने म्हणाले, "वहिनी, आता डबक्यात काय मजा? धरणावर जाऊ." सुलभा लगेच तयार. हौसाबाईंचं माहेर धरणाच्या पलीकडच्या अंगाचं. त्या तर माहेराचं नाव निघताच पदर खोचून उभ्याच राहिल्या. माझं मत विचारण्यात आलं नाही. मी राखणदार, माझं मत कशाला?

वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपनं आम्ही गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राब भाजून काळी पडलेली खाचरं, मध्येच एखादा पळस, आणि मग डोंगराच्या वळणावर एकदम ते पाणी. उन्हाळ्यात धरण मागे सरकतं आणि जमिनीवर लाल, भेगाळलेले काठ उघडे पडतात. पाण्याखाली गेलेल्या जुन्या शेतांचे बांध वर येतात, झाडांचे बुंधे वर येतात. कुणाच्या तरी अंगणातला दगड चिखलात पालथा पडला होता. मला ते बघवेना. हौसाबाई मात्र बोट दाखवून सांगत होत्या, हितं अमक्याचं खळं, तितं तमक्याचा आंबा. त्यांच्या आजीनं सांगितलेलं त्यांना तोंडपाठ होतं.

समोर पाण्याचा एक फाटा डोंगरात घुसला होता. फार रुंद नव्हता. पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जाईल एवढा. पलीकडच्या उतारावर करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या दिसत होत्या. तिकडं रस्ता नाही, त्यामुळे कुणी तोडलेली नाहीत. दोन-तीन रविवार ते तिघं काठाकाठानं पोहले, एरवी विहिरीतल्या उरल्यासुरल्या पाण्यात. मग हौसाबाई म्हणाल्या, "पल्याड जाऊन करवंदं खाऊ."

"जाऊ?" सुलभानं मला विचारलं.

तिनं विचारलं, हे मी विसरत नाही. मी 'नको' म्हणालो असतो तर ती गेली नसती. तिचे डोळे मी पाहिले. दोन महिन्यांपूर्वी गॅलरीत उभी असायची ती बाई मला आठवली. मला बुटांचा तो जोडही आठवला. दोन्ही भीती माझ्या दोन हातांत होत्या आणि एक तर खाली ठेवायलाच हवी होती.

"जा," मी म्हणालो. माझा आवाज मला विहिरीतून आल्यासारखा वाटला.

तिन्ही डोकी पाण्यावर लहान लहान होत गेली. देशमाने पुढे, त्यांनी जोडीला पांगाऱ्याचा बिंडा ओढत नेला होता, असावा म्हणून. मध्ये सुलभा, तिचा पिवळा कमीज. मागे हौसाबाई, रस्त्यानं चालल्यासारख्या निवांत. मी काठावर उभा राहून ओठांनी काहीबाही पुटपुटत होतो. बहुधा पाढे असावेत, कारण मला देवाचं काही पाठ नाही. पिवळा ठिपका पलीकडे पोचला. वर चढला. त्यानं हात हलवला. माझ्या जिवात जीव आला आणि मी दगडावर बसलो.

वारा आला तो घाटाच्या बाजूनं. आधी धूळ, मग पानं, मग आभाळ एकदम काळं. वळवाचा पाऊस असाच येतो, सांगून येत नाही. पाण्यावर आधी शहारे उठले आणि बघता बघता लाटा झाल्या. टपोरे थेंब तोंडावर मारायला लागले आणि पलीकडचा काठ पुसला गेला. डोंगर गेला, जाळ्या गेल्या, पिवळा ठिपका गेला. समोर नुसतं करडं, उकळणारं पाणी.

ते निघाले असतील का? मी घाबरलो असेन म्हणून ती पावसातच निघाली असेल, हे माझ्या डोक्यात आलं आणि मग दुसरं काही येईना. मी ओरडलो. वाऱ्यानं आवाज माझ्याच तोंडात परत कोंबला. पाण्यात मध्ये काहीतरी काळं वर आलं आणि खाली गेलं. तो झाडाचा बुंधा असेल, डोकंही असेल. "सुलभा!" मी पुन्हा ओरडलो आणि पाण्यात शिरलो.

कसा शिरलो ते विचारू नका. जो माणूस न्हाणीघरात साप शोधतो तो धरणात शिरला. गुडघ्यापर्यंत चिखल, मग पायाखाली टणक काहीतरी लागलं. पाण्याखालचा बांध होता. त्याच्यावरून मी चालत गेलो, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तिथं उभा राहून बराच वेळ हाका मारत होतो. शर्ट पांढरा होता, हात वर केलेले. मग मी आणखी एक पाऊल टाकलं आणि बांध संपला.

पायाला ठाव लागेना. तोंडात पाणी, नाकात पाणी, कानांत एक मोठी शांतता. वर उजेड होता आणि तो हातभर अंतरावरून दूर जात होता. मी मरतोय हे मला कळलं. पण त्याहून मोठी भीती ही होती, की ती कुठं आहे हे मला कळणार नाही.

केसांना हिसका बसला. मग कॉलरला. कुणीतरी मला उताणं केलं आणि हनुवटीखाली हात घालून ओढायला लागलं. मी त्या हाताला मिठी मारू गेलो तर कानाखाली एक सणसणीत बसली. "पकडू नका! मला पकडू नका!" हा आवाज सुलभाचा होता. मागून देशमाने बिंडा घेऊन आले, त्यांनी तो माझ्या छातीखाली सरकवला, आणि दोघांनी मला गाळातून काठावर ओढलं.

मी पाणी ओकत होतो आणि ती माझ्या पाठीवर गुद्दे मारत होती. ती मला कधी अरेतुरे करत नाही. त्या दिवशी केलं. "तुला पोहता येतं का? येतं का तुला? मग शिरलास कशाला?" गुद्दे मारता मारता तिला रडू फुटलं. पाऊस थांबत आला होता. हौसाबाई सगळ्यांत शेवटी, आपल्या चालीनं पोहत आल्या, ओचा पिळला आणि म्हणाल्या, "अवो मास्तर, आमी दगडाच्या आडुशाला करवंदं खात बसलो हुतो की! पाऊस जरा उघाडला तर ह्या बाईला तुमचा पांढरा सदरा दिसला पान्यात. मी धरस्तवर गेली बी उडी टाकून. लाटा बगितल्या न्हाईत, काय न्हाई."

म्हणजे ती सुखरूप होती. पूर्ण वेळ ती सुखरूप होती. तिला त्या पाण्यात ओढलं ते माझ्या भीतीनं.

जीपमध्ये ती माझ्या शेजारी कुडकुडत बसली होती. तिच्या हाताला काट्यांचे ओरखडे होते आणि बोटं करवंदांनी जांभळी. खिडकीकडे बघत ती म्हणाली, "मला इतके दिवस पाण्याची भीती म्हणून वाटलीच नव्हती. आज तुम्हाला तिथं पाहिलं आणि... तुम्हाला रोज असंच होतं का?"

मी 'हो' म्हणालो.

"रोज?"

"तू वर येईपर्यंत."

पुढच्या संध्याकाळी हौसाबाईंची हाक आली तेव्हा सुलभा म्हणाली, "आज नको, अंग दुखतंय." दुसऱ्या दिवशी कपडे धुवायचे निघाले. तिसऱ्या दिवशी हौसाबाईंनी हाक मारली नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं. संध्याकाळी मी गॅलरीत बसायचो, मुठीत काही नाही, आणि घरात ती. सुरक्षित. कोरडी. भिंतीला टेकून ठेवल्यासारखी. देवीचा रोग एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जावा तशी माझी भीती तिला लागली होती. आठवड्याभरात तिचा आवाज पुन्हा खाली गेला. एकदा ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली आणि मला उठून आत जावं लागलं. "काय म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली.

मला त्या 'काही नाही'ची जेवढी भीती वाटली तेवढी धरणात बुडतानाही वाटली नव्हती. मी तिथं ओट्यापाशी उभा राहून म्हणालो, "सुलभा, तू धरणावर जा. उद्या रविवार आहे. देशमाने येतील, हौसाबाई येतील."

ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही काठावर असाल तर मला नाही जमायचं. सारखं वळून बघितलं जाईल. तुम्ही आत आलात की काय, याच्यातच जीव राहील."

"मग मी येत नाही."

"घरी थांबाल?"

"थांबेन."

"आणि घाबराल."

"ते माझं मी बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती गेली. जीपचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग तो गेला. काठावर बसून भिणं सोपं असतं हो. निदान पाणी तरी दिसतं. घरात बसून भिण्याला काठच नसतो. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. एकच पान तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा वेगळे गुण दिले. शेवटी ते पोराच्या हिताच्या बाजूनं ठेवले. चहा केला, तो तसाच निवला. आभाळात एवढासा ढग दिसला की उठून गॅलरीत जायचं, तो हलेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं. खाली पोरांची गुणगुण चालू होती, कुणीतरी एकच सूत्र पुन्हा पुन्हा घोकत होतं. फाटकापाशी कुणी सायकल लावली तरी मला वाटायचं, निरोप आला. मी पळालो नाही. जीप करून मागं गेलो नाही. गावात मोठ्या माणसानं करायच्या गोष्टींपैकी सगळ्यांत अवघड गोष्ट मी त्या दिवशी खुर्चीत बसून केली.

दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. ती दारात उभी राहिली. कोरडे कपडे घातलेले, केस मोकळे, ओंजळीत पानाचा द्रोण आणि त्यात करवंदं. डोळे लाल झाले होते आणि ती हसत होती. "पलीकडे गेले होते," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "जाऊन येऊन. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. पेपर तपासले."

तिनं द्रोण टेबलावर ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लगेच काढून घेतला. माझा सदरा पाठीला चिकटला होता. पिळला असता तर पाणी निघालं असतं.

"अहो, पोहून मी आले," ती म्हणाली, "आणि भिजलात तुम्ही."

"लाइट गेली होती दुपारभर," मी म्हणालो.

तिनं वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तिनं एक करवंद माझ्या तोंडात घातलं आणि माझ्या सदऱ्याची वरची गुंडी सोडायला लागली.